आधी लाइटबिल, मग सोलर: आपल्या पेठेत वीजबचतीचा गट कसा सुरू करावा

साताऱ्यात पाहुणे आले की आपण त्यांना ठोसेघरचा धबधबा दाखवतो, तसंच पुढे चाळकेवाडीच्या पठारावर नेतो आणि पवनचक्क्यांखाली उभं करून फोटो काढतो. कोयनेचं नावही छाती फुगवून घेतो. १,९६० मेगावॅटचा प्रकल्प आपल्या जिल्ह्यातल्या पाण्यावर चालतो (मुख्य वीजघरं घाटाखाली रत्नागिरी जिल्ह्यात आहेत, ते सांगायचं आपण विसरतो). घरी आल्यावर मात्र महावितरणचं बिल फक्त शेवटचा आकडा बघून फ्रिजवर चुंबकाखाली अडकवतो. मीही तेच करायचे, आणि मी तर शाळेत विज्ञान शिकवत होते.

गेली काही वर्षं आम्ही सहा-सात जण पेठेतल्या घरांत जाऊन वीज कुठे जाते ते बघतो, ती कशी वाचेल ते सांगतो आणि ज्यांना छतावर सोलर बसवायचं आहे त्यांना कागदपत्रांत मदत करतो. गटाला नाव द्यायचं राहूनच गेलं, त्यावाचून काही अडलंही नाही. बाकी चुका मात्र भरपूर केल्या. तुम्हाला असं काही सुरू करायचं असेल तर त्यातल्या निम्म्या तरी टळाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

१. पहिलं बिल स्वतःचं वाचा

दुसऱ्याच्या दारात जायच्या आधी स्वतःची बारा महिन्यांची बिलं समोर घ्या. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर दिलेला असतो, आधी तो बघा. मग स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क या ओळी एकेक करून समजून घ्या. लोक हमखास विचारतात, "एवढीशी वीज वापरली, मग बिल एवढं का?" त्याचं उत्तर या ओळींत असतं.

घरगुती दराचे टप्पे पाठ करा: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. पहिल्या टप्प्यातल्या युनिटपेक्षा दुसऱ्या टप्प्यातलं युनिट जवळजवळ दुपटीनं महाग पडतं. इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. शंभराच्या वर एक जरी युनिट गेलं तरी सगळं बिल महागड्या दरानं लागतं, असं लोक सांगतात. तसं नाही. वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो. पण याचाच अर्थ असा की १४० युनिटांच्या घरात जी पहिली ४० युनिटं वाचतात, ती सगळी महागाची असतात. समोरच्याला हे एकदा कळलं की पुढचं बोलणं सोपं जातं.

रीडिंगही तपासा. 'सरासरी' किंवा 'लॉक' असा शेरा असेल तर त्या महिन्याचा आकडा अंदाजे असतो. त्यावरून काही ठरवू नका.

२. माणसं थोडी, गल्ली एकच

आम्ही सुरुवातीला अख्खं शहर घेतलं होतं. शाहूपुरीपासून गोडोलीपर्यंत पत्रकं वाटली. त्यातून तीन फोन आले, पैकी एक चुकून आलेला. नंतर एकच गल्ली धरली आणि तिथल्या अकरा घरांत गेलो. तिथून पुढे लोक स्वतःहून बोलवू लागले.

चार-पाच जण पुरतात, पण त्यात एक परवानाधारक वायरमन हवाच. घरातली वायर, फ्यूज, मेन स्विच याला बाकीच्यांनी हात लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवशी सांगून टाका. दुसरी हवी ती पेठेतल्या सगळ्यांना ओळखणारी एखादी काकू. आमच्याकडे अशा एक काकू आहेत. त्या सोबत असल्या की दार उघडतं आणि चहाही येतो. मी एकटी गेले की लोक आधी विचारतात, "काय विकताय?"

३. पिशवीत काय काय असावं

- सॉकेटमध्ये लावायचा वॅटमीटर. त्यात उपकरणाची पिन खोचली की किती वॅट खातंय ते दिसतं. ऑनलाइन हजाराच्या आत-बाहेर मिळतो. गटात एक पुरे.
- ९ वॅटचा एलईडी बल्ब, अर्ध्या वॅटचा छोटा रात्रदिवा आणि २० वॅटची एलईडी ट्यूब, नमुन्यादाखल. विकायला नाही.
- एक वही आणि साधा कॅल्क्युलेटर.
- मापाची टेप आणि मोबाइलमधलं होकायंत्र, छतासाठी.
- दहा रुपयांची नोट. ती कशाला, ते पुढे येतंच.

४. घरभेट

हा सगळ्या कामाचा गाभा, म्हणून जरा सविस्तर सांगते.

व्याख्यान देऊ नका. वातावरणबदल, कोळसा, पुढची पिढी हे सगळं खरं आहे, पण दारात उभं राहून ऐकायला कुणाला वेळ नसतो. बिल मागा. बिल वाचता वाचता घर कळतं.

शनिवार पेठेतल्या एका जुन्या वाड्यात आज्जी एकट्या राहतात. महिन्याला ११८-१२० युनिटं. आज्जींचं म्हणणं, "अगं, माझ्याकडं हाय काय जळायला? दोन दिवे आन् एक पंखा." आम्ही वॅटमीटर घेऊन फिरलो. देवघरात लाल रंगाचा झिरोचा बल्ब होता, रात्रंदिवस चालू. झिरो म्हणजे शून्य, म्हणून तो कधी कुणी मोजलाच नव्हता. वॅटमीटरवर आकडा आला १४. चौदा वॅट, चोवीस तास, तीस दिवस म्हणजे महिन्याला दहा युनिटं. आज्जींनी चष्मा लावून तो आकडा दोनदा बघितला. "मेल्यानं झिरो म्हणून गंडवलं की गं मला." अर्ध्या वॅटचा लाल दिवा लावला. देवाला उजेड तेवढाच, आणि महिन्याला अर्धं युनिटसुद्धा नाही.

जुन्या घरांत बघायच्या गोष्टी साधारण ठरलेल्या असतात:

पंखा. जुना पंखा ७० ते ८० वॅट खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. दिवसाला बारा तास धरले तर महिन्याला एका पंख्यामागे पंधरा-सोळा युनिटं वाचतात. सीलिंग फॅनवर जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल सक्तीचं आहे, तेव्हा दुकानात तारे बघून घ्यायला सांगा. एक सूचना न विसरता द्या: बीएलडीसी पंख्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, तो वायरमनकडून बाजूला काढून घ्यावा लागतो. हे आम्ही एका घरी सांगितलं नव्हतं, तर पंखा आचके देऊ लागला आणि बोल आम्हाला लागला. पंख्याचा वेग रिमोटवर असतो, तेव्हा रिमोट नातवंडांच्या हाती लागणार नाही अशी खुंटीही शोधून ठेवायला सांगा. वाड्यात अजून जुना डब्यासारखा मोठा रेग्युलेटर असेल तर त्यावर पंखा हळू केल्यानं फारसं काही वाचत नाही, उरलेली वीज तो डबाच तापवते.

ट्यूब. जुन्या ४० वॅटच्या ट्यूबमागे चोकसुद्धा वीज खातो, दोघांचं मिळून पन्नाशीच्या पुढे जातं. २० वॅटची एलईडी ट्यूब तेवढाच उजेड देते. सगळ्या एकदम बदलायला सांगू नका. स्वयंपाकघरातली आणि जिथे मुलं अभ्यासाला बसतात तिथली आधी.

फ्रिज. इथे दहाची नोट लागते. नोट दारात अडकवून दार लावायचं आणि नोट ओढायची. सहज निसटली तर दाराचं रबर सैल झालं आहे, गारवा बाहेर जातोय. रबर बदलायला फ्रिज बदलण्याइतका खर्च येत नाही. फ्रिज भिंतीला चिकटवलेला असेल तर चार बोटं पुढे ओढा, मागच्या जाळीला हवा लागू द्या.

सेट-टॉप बॉक्स. टीव्ही रिमोटनं बंद केला तरी हा जागाच असतो. दहा वॅटचा धरला तरी महिन्याला सात युनिटं. रात्री बटण बंद.

गिझर. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. साताऱ्याच्या थंडीत चार माणसांच्या घरात हा आकडा लगेच दिसतो. काही घरांत अजून तांब्याचा बंब आहे. त्यांना विजेच्या बचतीबद्दल काय सांगणार, पण धुराबद्दल जरूर बोला. जिथे छत आहे तिथे सोलर वॉटर हीटर हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. फक्त बोअरचं जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतात, हे आधीच सांगा.

एसी असलेली घरं आमच्या पेठेत थोडी. तिथे २४ अंशांवर ठेवा आणि सोबत पंखा लावा, इतकंच सांगतो.

भेटीत सगळं उरकू नका. दोनच गोष्टी बदलायला सांगा आणि उठा. सतरा सूचना दिल्या की माणूस एकही पाळत नाही.

५. सोलरचा विषय कधी काढायचा

वापर कमी केल्यानंतर. घरोघर उलटं चालतं: आधी पॅनेल बसवतात, तेही मोठं, आणि जुने पंखे त्यावर फिरवतात. आपल्याकडे एक किलोवॅटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीनं दिवसाला चारेक युनिटं देतं, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. १८० युनिटांच्या घराला दीड-दोन किलोवॅट लागेल. तेच घर १२० वर आणलं तर एकात भागतं. टाकी मोठी घेण्याआधी गळका नळ दुरुस्त करावा, तसं.

जवळचं उदाहरण दाखवायचं असेल तर पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीचं सांगा. २०२४ साली ते राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. वाडीतल्या लोकांना जमतं तर पेठेतल्यांना का नाही, हा टोमणा साताऱ्यात बरोबर लागू पडतो.

६. छत बघणं

एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते, सावली नसलेली. पॅनेलचं तोंड दक्षिणेला. आता साताऱ्याची गंमत अशी की शहर अजिंक्यताऱ्याच्या उत्तरेच्या उतारावर वसलेलं आहे, म्हणजे आपल्या बरोबर दक्षिणेला डोंगर. अगदी पायथ्याशी असलेल्या घरांवर थंडीत सकाळी डोंगराची सावली उशिरापर्यंत रेंगाळते, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. एप्रिलमध्ये हेच छत लख्ख दिसतं. आम्ही एक छत एप्रिलमध्ये पाहून शाबासकी दिली आणि डिसेंबरात तोंड लपवायची वेळ आली. म्हणून वरच्या आळीतलं छत शक्यतो डिसेंबर-जानेवारीत बघा, किंवा घरच्यांना विचारा, "थंडीत वाळवण कुठं घालता?" ऊन कुठे पडतं ते घरच्या बाईला पाठ असतं.

वाड्याचं छप्पर कौलाचं किंवा पत्र्याचं असेल तर वजन पेलेल का ते जाणकाराकडून तपासून घ्या. हा निर्णय आपण द्यायचा नाही.

७. अर्ज, कागद आणि अनुदान

घरगुती ग्राहकांसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' सुरू झाली. योजनेची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. अनुदान असं: पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटला १८,०००. म्हणजे तीन किंवा त्याहून जास्त किलोवॅटला सगळं मिळून ७८,००० आणि त्यापुढे वाढ नाही. सोसायटीच्या सामायिक विजेसाठी, म्हणजे जिना, पंप, लिफ्ट वगैरेंसाठी, किलोवॅटला १८,००० मिळतात.

कागद हे जमवून ठेवा:

- ताजं वीजबिल (बारा आकडी ग्राहक क्रमांक त्यावर असतो)
- आधार आणि पॅन
- बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक
- घरपट्टीची पावती
- छताचा फोटो
- चालू मोबाइल नंबर, ओटीपी येतो तो

टप्पे असे: सरकारी पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी, महावितरणची मंजुरी, नोंदणीकृत विक्रेत्यांच्या यादीतून निवड, बसवणं, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) आणि तपासणी, शेवटी बँकेचा तपशील भरला की अनुदान खात्यात. अनुदान सगळ्यात शेवटी येतं, आधी पैसे आपल्याला उभे करावे लागतात. बँका यासाठी तारणाशिवाय कर्ज देतात, तेही विचारा.

आता नावाचं. जुन्या पेठांत निम्मी मीटर आजोबांच्या नावावर आहेत आणि आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. अनुदान वीजग्राहकाच्या नावावर येतं. तेव्हा बिलावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत आहे ना ते पहिल्याच दिवशी बघा. नसेल तर आधी महावितरणकडे नाव बदलून घ्या, मगच पुढे जा. वाड्यात चार भाऊ असतील तर गच्ची कुणाची हा प्रश्नही तेव्हाच निघतो. त्यात आपण पडू नये. त्यांचं ठरलं की या म्हणावं आणि चहा पिऊन निघावं.

फसण्याच्या जागा:

पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचं नसेल तर अनुदान मिळत नाही. कोटेशनवर 'डीसीआर' (म्हणजे सेलही देशीच) असं स्पष्ट लिहून घ्या. एक-दोन घरांना स्वस्तातलं दाखवून नंतर "अनुदान सुटलं हो" असं सांगितलेलं आम्ही पाहिलं आहे. तीन ठिकाणची कोटेशनं घ्या, पॅनेलची आणि इन्व्हर्टरची हमी किती वर्षांची ते लेखी घ्या, आणि पाच वर्षं देखभाल कोण करणार ते विचारा. मोबाइलवर लिंक किंवा अ‍ॅप पाठवून 'अनुदान मंजूर झालंय, अमुक रुपये भरा' म्हणणाऱ्याला उत्तरच देऊ नका. सरकारी पत्ता 'जीओव्ही डॉट इन'नं संपतो, एवढं घरातल्या थोरांना सांगून ठेवा.

आणि सगळ्यात मोठी चूक, जी मी स्वतः केली. एका दादांना मी छातीठोकपणे सांगितलं, "आता लाइट गेली तरी तुमचा पंखा चालेल." मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली. डोक्यावर रणरणतं ऊन, छतावर नवीकोरी पॅनेलं, आणि पंखा बंद. फोन आला, "मॅडम, सूर्य तर हाय की वर!" ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या तारांना, जोडलेली बिनबॅटरीची यंत्रणा वीजपुरवठा गेला की आपोआप बंद होते, नाहीतर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरून शॉक बसेल. लाइट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीवाली यंत्रणा लागते आणि तिचा खर्च वेगळा. हे विक्रेता सांगो न सांगो, तुम्ही सांगा.

पावसाळ्याचंही आधीच बोलून ठेवा. जुलै-ऑगस्टात साताऱ्यात दिवस दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा निर्मिती निम्म्यावर येते. उन्हाळ्यात ग्रिडला दिलेली जादा युनिटं पुढच्या बिलांत वळती होतात, पण हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं आणि उरलेल्या युनिटांना फार थोडा भाव मिळतो. म्हणून गरजेपेक्षा मोठं पॅनेल घेऊन वीज विकायची स्वप्नं बघू नका.

८. पैशाचा नियम

आमच्या तिसऱ्या महिन्यात एका विक्रेत्यानं निरोप पाठवला: जेवढी घरं आणाल, तेवढ्या घरांमागे इतके रुपये. रक्कम बरी होती आणि गटात दोन मतं पडली. "त्या पैशातून आणखी वॅटमीटर घेऊ" असंही कुणी म्हणालं. नाही म्हटलं. उद्या त्याचं पॅनेल बिघडलं तर काकूंना त्या घरात तोंड दाखवता आलं नसतं. गटातल्या कुणीही विक्रेत्याकडून कमिशन, भेटवस्तू, फुकटातलं पॅनेल काही घ्यायचं नाही, आणि एकाच दुकानाचं नाव सुचवायचं नाही. प्रभागातल्या इच्छुक उमेदवाराचा फोटो असलेला फ्लेक्सही नको. फुकट छापून देतो म्हणाले तरी नको.

९. मंडळं, शाळा आणि नगरपालिका

गणेश मंडळ म्हणजे तयार माणसांची फौज. पण उत्सवाच्या आठवड्यात गेलात तर कुणी ऐकणार नाही, महिनाभर आधी जा. आकडा न टाकता महावितरणकडून तात्पुरतं कनेक्शन घेणं, रोषणाईला एलईडी लावणं आणि रात्री मंडपात कुणी नसताना ती बंद करणं, एवढ्या तीन गोष्टी मान्य झाल्या तरी पुष्कळ.

शाळेत मुलांना बिलं आणायला सांगा आणि वर्गात वाचा. १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन असतो, २० ऑगस्टला अक्षय ऊर्जा दिन, मुख्याध्यापकांना निमित्त लागतं ते यातून मिळतं. मुलं घरी जाऊन सेट-टॉप बॉक्सचं बटण असं काही पहाऱ्यात ठेवतात की आपण शंभर भेटी देऊन ते जमणार नाही.

नगरपालिकेत तक्रारीचा कागद घेऊन जाऊ नका. राज्याचं 'माझी वसुंधरा' अभियान २०२० पासून चालू आहे. पंचमहाभूतांवर आधारलेल्या या अभियानात 'अग्नी' म्हणजे ऊर्जा, आणि त्यात केलेल्या कामाला गुण मिळतात. "आमच्या घरभेटींची नोंद तुम्हाला त्यात वापरता येईल" असं म्हटलं की खुर्ची पुढे येते. दिवसा जळणाऱ्या रस्त्यावरच्या दिव्यांचे खांबनंबर घेऊन गेलात तर आणखी बरं. तांत्रिक माहिती लागली तर महाऊर्जा, म्हणजे राज्य सरकारचीच ऊर्जा विकास संस्था, पुण्यात आहे.

१०. वही

प्रत्येक घराचं एक पान: भेटीची तारीख, तेव्हाची युनिटं, काय बदललं, तीन महिन्यांनी किती. तुलना नेहमी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. मेची जानेवारीशी केली तर सगळे नापास होतील. लोकांचे ग्राहक क्रमांक, आधार किंवा ओटीपी वहीत लिहून ठेवू नका आणि ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. युनिटं कमी झाली नाहीत तर तेही लिहा, कारण विचारा.

आज्जींचं पान आमच्या वहीत पहिलं आहे. ११९ वरून ९१, मग ८८, मग ८६. मे महिन्यात एकदम १५२. आम्ही धावत गेलो, मीटर तपासायला वायरमनही सोबत नेला. ओसरीवर कूलर घोंघावत होता, टीव्हीवर कार्टून लागलं होतं, आणि आज्जी पुरणाचा घाट घालत होत्या. वहीत त्या महिन्यापुढे 'नातवंडं' एवढंच लिहिलं आहे.